दुरुस्ती केली होती, तरी छापली गेली जुनीच फाईल: छोट्या डिझाईन-छपाईच्या दुकानातला नेहमीचा घोळ कसा शोधायचा

एक मालक, एक डिझायनर, मशीनवर एक ऑपरेटर आणि तीन कॉम्प्युटर. सांगली, मिरज, इचलकरंजी या पट्ट्यात मी ज्या दुकानांची कॉम्प्युटरची कामं बघतो, ती बहुतेक एवढीच असतात. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं, मिठाईच्या बॉक्सची लेबलं. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची घाई सुरू होते आणि माझा फोनही सुरू होतो. वाक्य ठरलेलं असतं: "दादा, दुरुस्ती केलेली फाईल होती हो, पण छापली गेली जुनीच."

एका घरच्या पाचशे पत्रिकांवर मुहूर्त एक तास आधीचा छापला गेलेला मी पाहिला आहे. कागद परत आणता येतो, छपाई परत करता येते. पण वाटून झालेल्या पत्रिकांसाठी त्या मुलीचे वडील घरोघर फोन करत बसले होते. म्हणून हा घोळ मला किरकोळ वाटत नाही. तो शोधायची जी पद्धत इतक्या दुकानांत वापरून बसली आहे, ती इथे सगळी लिहितो.

लक्षणं

- ग्राहकाने चूक सांगितली, डिझायनरने ती सुधारली, प्रूफही (छपाईआधी ग्राहकाला दाखवायचा नमुना) बरोबर गेलं, तरी छापून आलं ते सुधारण्याआधीचं.
- एकाच कामाच्या 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नवीन', 'ओके फायनल' अशा चार फाईल्स. त्यातली खरी कोणती हे फक्त डिझायनरला माहीत, आणि तो आज सुट्टीवर.
- "काल रात्री सेव्ह केली होती", पण सकाळी ती कुठेच नाही.
- दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा पसारा.
- शेअर केलेलं फोल्डर सकाळी दिसतं, जेवून आल्यावर दिसत नाही.
- दोघांनी एकाच फाईलवर काम केलं आणि एकाची मेहनत पुसली गेली.
- ग्राहकाचा फोटो चांगला होता, फ्लेक्सवर मात्र फुटला.

ही सात वेगवेगळी दुखणी वाटतात. माझ्या अनुभवात त्यातली बरीचशी एकाच जागी येऊन थांबतात: फाईलचं घर ठरलेलं नसतं आणि तिला सगळ्यांना कळेल असं नाव नसतं. तरी मी नेहमी फुकटच्या तपासण्यांपासून सुरू करतो. घाईत नवी हार्ड डिस्क किंवा सर्व्हर विकत घेतलेली दुकानं मी पाहिली आहेत. तिथे घोळ तसाच राहिला, फक्त जास्त जागेत पसरला.

तपासणीच्याही आधी: कशावरही सेव्ह करू नका

चूक लक्षात आली की पहिलं काम म्हणजे छपाई थांबवणं. दुसरं, ज्या फाईलबद्दल शंका आहे ती उघडी असेल तर सेव्ह न करता तशीच ठेवणं. घाबरून लोक उघडी फाईल बंद करतात, कॉम्प्युटर 'सेव्ह करू का?' विचारतो आणि हात 'हो'वर जातो. तिथे चांगली फाईल जुन्या मजकुराने झाकली जाते. उघड्या फाईलमध्ये 'अनडू'चे, म्हणजे केलेले बदल मागे घ्यायचे, टप्पे शिल्लक असतात, तेही बंद केल्यावर जातात.

१. हरवलेली फाईल आधी शोधा (खर्च शून्य, पाच मिनिटं)

हरवली म्हणून सांगितलेली फाईल बहुतेक वेळा तिसऱ्याच ठिकाणी असते. विंडोजच्या शोधपेटीपेक्षा 'एव्हरीथिंग' नावाचं फुकट सॉफ्टवेअर नावावरून फार लवकर शोधतं, ते तिन्ही कॉम्प्युटरवर टाकून ठेवा. नावाचा एक तुकडा लिहा आणि निकाल बदलाच्या तारखेनुसार लावा.

तीन जागा हमखास बघा. पहिली डाऊनलोड्स. व्हॉट्सॲपवरून तीच फाईल दुसऱ्यांदा उतरवली की नावापुढे कंसात १, २ असे आकडे लागतात, आणि डिझायनर (२) मध्ये दुरुस्ती करतो तेव्हा ऑपरेटर आकडा नसलेली छापतो. दुसरी टेम्प. मेलमधली जोडलेली फाईल किंवा झिपमधली फाईल बाहेर न काढता तिथल्या तिथे उघडली, तर ती तात्पुरत्या फोल्डरमधून उघडते. त्यावर दोन तास काम करून सेव्ह केलं तरी ती त्या अडगळीतच सेव्ह होते, आणि विंडोजने सफाई केली की गेली. 'काल रात्री सेव्ह केली होती' या तक्रारीमागे बरेचदा हेच निघतं. तिसरी जागा म्हणजे कोरलच्या (कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरच्या) बॅकअप फाईल्स. त्यांच्या नावात 'बॅकअप ऑफ' असतं आणि त्या आधीच्या सेव्हची अवस्था धरून असतात. मूळ फाईल बिघडली असेल तर ही फाईल दुसऱ्या नावाने कॉपी करा आणि ती कॉपी उघडून बघा.

पेनड्राईव्हवरची फोल्डरं अचानक शॉर्टकट झाली असतील तर घाबरू नका. तो शॉर्टकट व्हायरस आहे, त्याने फाईल्स पुसलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक मात्र करू नका, कारण तो क्लिक केल्यानेच पसरतो. आधी अँटीव्हायरसने पेनड्राईव्ह तपासा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या आणि सिस्टीमच्या फाईल्स दाखवा, म्हणजे तुमचं काम जागेवर दिसेल.

२. घड्याळ बघा

ही तपासणी कोणाला सुचत नाही, आणि मला तिने कितीदा वाचवलं आहे. तिन्ही कॉम्प्युटर शेजारी सुरू करा आणि कोपऱ्यातली तारीख-वेळ जुळते का बघा.

जुन्या मदरबोर्डवर नाण्याएवढी सीआर २०३२ ही बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर कॉम्प्युटरचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. त्या मशीनवर आज केलेल्या दुरुस्तीला जुनी तारीख पडते. ऑपरेटर फोल्डर तारखेनुसार लावतो, सगळ्यात वरची फाईल उचलतो आणि ती जुनी असते. त्यात ऑपरेटरची काहीच चूक नसते. याच कॉम्प्युटरवर गुगल ड्राईव्ह लॉगिन होत नाही, वेबसाईट सुरक्षित नसल्याच्या सूचना येतात, आणि मालक इंटरनेटवाल्याला बोलावतो. बॅटरी थोडक्या पैशांत मिळते, बसवायला दहा मिनिटं लागतात. वेळ आपोआप लावण्याचं सेटिंगही सुरू करा.

३. नाव: पावती नंबर

आता या सगळ्याच्या मुळाकडे येतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

'फायनल' हा शब्द फाईलच्या नावातून कायमचा काढून टाका. डिझायनर ज्या क्षणी फाईलला फायनल म्हणतो, त्यानंतर पाच मिनिटांनी मुलाच्या काकांचा फोन येतो की आत्याचं नाव राहिलं. फायनल काय आहे हे ग्राहक ठरवतो, आणि तेही प्रूफ पाहून.

तुमच्या दुकानात एक क्रमांक आधीच आहे. एका बिलबुकात तो कधी दोनदा येत नाही आणि ग्राहकाच्या खिशातही असतो. तो म्हणजे ॲडव्हान्स घेताना फाडलेल्या पावतीचा नंबर. तोच फाईलच्या नावाच्या सुरुवातीला लावा. नंतर ग्राहकाचं आडनाव, कामाचा प्रकार आणि प्रूफचा क्रमांक. पावती क्रमांक ४१२ असेल तर नाव असं: '४१२-पाटील-पत्रिका-प्रूफ१'. दुरुस्ती आली की जुन्या फाईलला हात न लावता 'सेव्ह ॲज' करून 'प्रूफ२'. खोडायचं काही नाही, वरचा आकडा म्हणजे ताजं काम. नवं बिलबुक परत १ पासून सुरू होत असेल तर आधी वर्ष लावा: '२०२५-४१२'. फाईलच्या नावात तारीख हवीच असेल तर वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने लिहा, नाहीतर ५ डिसेंबर आणि ५ जानेवारी शेजारी येतात.

मी इथे नाव देवनागरीत लिहिलं, प्रत्यक्षात ते इंग्रजी अक्षरांत ठेवा. फ्लेक्स मशीनवरची काही जुनी रिप सॉफ्टवेअरं (फाईल छपाईच्या मशीनला समजेल अशी करणारी) देवनागरी नावाची फाईल घेत नाहीत, हे मी स्वतः पाहिलं आहे. नाव आणि फोल्डरांची उतरंड आटोपशीर ठेवा. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची नेहमीची मर्यादा २६० अक्षरांची आहे, आणि 'डेस्कटॉप, नवीन फोल्डर, जुनं काम, दिवाळी, नवीन फोल्डर २' असं खोल गेलं की कॉपी करताना फाईल मागे राहते.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. तोच क्रमांक प्रूफच्या चित्रावरही छापा, खालच्या कोपऱ्यात, कापून जाणाऱ्या जागेत, बारीक अक्षरांत: '४१२ प्रूफ ३'. ग्राहक व्हॉट्सॲपवर नुसतं 'ओके' लिहितो. कशाला ओके? सकाळी पाठवलेल्याला की दुपारच्या? त्याला सांगायचं, "काका, ओकेसोबत खालचा नंबर पण लिहून पाठवा." 'ओके ३' आलं की छापायची परवानगी, तोवर नाही. एका दुकानात ही एकच सवय लावली, आणि त्यानंतरच्या अख्ख्या लग्नसराईत जुनी फाईल छापल्याचा एकही फोन मला तिथून आला नाही.

४. व्हॉट्सॲपचा रस्ता

फोटो फुटण्याचं कारण बहुतेक इथेच सापडतं. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र व्हॉट्सॲप दाबून लहान करतं, 'एचडी' निवडलं तरी मूळ फाईल जशीच्या तशी येत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर ती बदलत नाही, आणि २ जीबीपर्यंत चालते. ग्राहकाला 'ओरिजिनल पाठवा' म्हणून कळत नाही. 'पिनचं चिन्ह दाबा, डॉक्युमेंट निवडा, मग फोटो निवडा' असा आवाजी संदेश एकदा रेकॉर्ड करून ठेवा आणि तोच सगळ्यांना पाठवा.

दुकानातल्या दुकानात मात्र छपाईची फाईल व्हॉट्सॲपवर पाठवणं पूर्ण बंद करा. पाठवलेली प्रत्येक फाईल म्हणजे एक नवी प्रत, आणि प्रती वाढल्या की खरी कोणती हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. व्हॉट्सॲप ग्राहकाशी बोलायला. डिझायनर ते ऑपरेटर हा प्रवास पुढे सांगतो त्या फोल्डरमधूनच.

५. फॉन्ट आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती

मराठीच्या जागी इंग्रजी पसारा दिसतो तेव्हा फाईल बिघडलेली नसते. डीटीपीच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, श्री-लिपीसारख्या, मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तो फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर नसेल तर खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. कोरल उघडताना फॉन्ट सापडला नाही असं सांगतं आणि दुसरा सुचवतं. तिथे 'ओके' करून पुढे सेव्ह केलं तर बदललेला फॉन्ट फाईलमध्येच बसू शकतो. म्हणून सेव्ह न करता बंद करा, फॉन्ट टाका, परत उघडा.

तिन्ही कॉम्प्युटरवर फॉन्टचा एकच संच, त्याच आवृत्तीचा असू द्या, दुकानाच्या परवान्यात बसेल असा. युनिकोड फॉन्ट (ज्यात मराठी अक्षरांना स्वतःच्या जागा असतात) वापरत असाल, जसं मुंबईच्या एक टाईपचा मुक्ता, तर फॉन्ट नसला तरी मजकूर मराठीच राहतो, फक्त वळण बदलतं. पण जुन्या कोरलमध्ये युनिकोड मराठीची जोडाक्षरं तुटतात, ते आधी तपासून घ्या.

छपाईला जाणारी प्रत कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करा, कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू. मात्र प्रतच. मूळ फाईल कर्व्ह करून सेव्ह केली तर उद्या एक वेलांटी बदलायलाही अख्खा मजकूर परत टाईप करावा लागतो. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाईनवर काम असेल तर बाहेर पाठवताना 'पॅकेज', कोरलमध्ये 'कलेक्ट फॉर आऊटपुट' वापरा. जोडलेले फोटो आणि फॉन्ट एकत्र गोळा होतात.

नव्या कोरलची फाईल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. सेव्ह करतानाच्या चौकटीत खाली आवृत्ती निवडता येते. पण जुन्या आवृत्तीत उतरवताना सावल्या, पारदर्शकपणा बदलू शकतो, म्हणून ऑपरेटरकडे सीडीआर, म्हणजे कोरलची मूळ फाईल, द्यायचीच नाही. त्याच्याकडे पीडीएफ किंवा टिफ जाईल. त्याने मूळ फाईल उघडली नाही तर तिच्यात चुकून काही बदलणारही नाही.

६. एकच घर

आता फोल्डर. जो कॉम्प्युटर दिवसभर सुरू असतो आणि यूपीएसवर आहे, त्यावर एक फोल्डर करा आणि इतरांना शेअर करा. आत तीनच कप्पे: चालू, छपाईला, झालेलं. 'छपाईला' मध्ये फाईल टाकायचा अधिकार एकाच माणसाला, शक्यतो ज्याच्याकडे ग्राहकाचं 'ओके ३' आलं त्याला. ऑपरेटर फक्त 'छपाईला' मधूनच उचलणार. छापून झालं की फाईल 'झालेलं' मध्ये. सायंकाळी 'छपाईला' रिकामं दिसलं पाहिजे. नसेल तर काहीतरी राहिलं आहे, हे कोणालाही लांबून कळतं.

दोघांनी एकच फाईल उघडण्याचा त्रास सॉफ्टवेअर थांबवेल या भरवशावर राहू नका. फोटोशॉपची तीच फाईल दोन ठिकाणी उघडता येते आणि शेवटी सेव्ह करणाऱ्याचं काम राहतं. शिवाय फोटोशॉपची मोठी फाईल नेटवर्कवरून थेट उघडून काम करू नका, ॲडोबीही तसं सुचवत नाही. मधेच वीज गेली किंवा केबल निघाली तर अर्धवट सेव्ह झालेली फाईल पुन्हा उघडत नाही. फाईल आपल्या कॉम्प्युटरवर घ्यायची, काम करायचं, परत ठेवायची. या काळात ती कोणाकडे आहे हे भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचं: '४१२, संगीताताई'. परत ठेवली की पुसायचं. तीन माणसांच्या दुकानात फळ्यापेक्षा चांगली यंत्रणा मला अजून सापडलेली नाही. फाईल कोणाच्या मशीनवर उघडी आहे हे बघायचंच असेल तर विंडोज प्रोमध्ये कॉम्प्युटर मॅनेजमेंट, शेअर्ड फोल्डर्स, ओपन फाईल्स इथे दिसतं.

फोल्डर मधेच दिसेनासं होत असेल तर याच क्रमाने बघा:

- मुख्य कॉम्प्युटर झोपला आहे का? जेवणाच्या सुट्टीत हेच होतं. स्लीप बंद करा, नुसता पडदा बंद होऊ द्या.
- विंडोजने नेटवर्क 'पब्लिक' मानलं आहे का? ते 'प्रायव्हेट' करा. राऊटर बदलला की हे हमखास पुन्हा बदलतं.
- फोल्डर आयपी पत्त्याने (कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरच्या आकडी पत्त्याने) जोडलं आहे का? राऊटर बंद-सुरू झाल्यावर पत्ता बदलू शकतो. कॉम्प्युटरच्या नावाने जोडा, किंवा राऊटरमध्ये त्याचा पत्ता राखून ठेवा.
- पासवर्डशिवाय शेअर केलं होतं आणि एका अपडेटनंतर बंद पडलं का? विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती २०२४ मध्ये आली, तिने पाहुणा म्हणून जोडणं प्रो आवृत्तीतही बंद केलं. इंटरनेटवर ही सुरक्षा काढून टाकायचे उपाय सापडतात, ते करू नका. मुख्य कॉम्प्युटरवर पासवर्डसह एक वेगळं खातं काढा आणि त्याने जोडा. काही सायबर कॅफेवाले एसएमबी १ सुरू करून देतात, तेही नको. तो फाईल शेअर करायचा जुना आणि असुरक्षित मार्ग आहे.

फाईल कॉपी व्हायला फार वेळ लागतो अशी तक्रार असेल तर वायफाय सोडून केबल टाका. गिगाबिट (१००० एमबीपीएस) वेगासाठी केबलच्या आठही तारा धड लागतात. एक जोडी तुटली किंवा क्लिप नीट बसली नाही तर जोडणी १०० एमबीपीएसवर उतरते, आणि ६०० एमबीची फाईल जिथे पाच-सात सेकंदात जायला हवी तिथे जवळपास मिनिट घेते. अशा वेळी वैतागून डिझायनर पेनड्राईव्ह काढतो आणि आपण परत पहिल्या घोळावर येतो. नवी केबल हा इथला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

७. क्लाऊड वापरत असाल तर

क्लाऊड चांगलाच आहे, डिझायनर घरून काम करत असेल तर गरजेचाही. पण तीन ठिकाणी फसगत होते.

पहिली, खातं कोणाचं? एका दुकानात दोन वर्षांची सगळी डिझाईन्स डिझायनरच्या स्वतःच्या जीमेलवर होती. गुगल ड्राईव्हवर नेहमीच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्येही जो फाईल चढवतो तोच तिचा मालक राहतो. ती ताई लग्न होऊन पुण्याला गेली, तिचं खातं भरलं, तिने जागा मोकळी केली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. दुकानाचं वेगळं खातं काढा, त्याचा पासवर्ड आणि परत मिळवायचा मोबाईल नंबर मालकाकडे ठेवा, आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर तेच खातं चालवा.

दुसरी, जागा संपली का? गुगलच्या फुकट खात्यात १५ जीबी मिळतात आणि त्यात ड्राईव्ह, जीमेल, फोटो तिन्ही येतात. भरल्यावर नवीन फाईल चढणं थांबतं. डिझायनरच्या कॉम्प्युटरवर दुरुस्ती दिसते, ऑपरेटरकडे जुनीच राहते. कोपऱ्यातलं ड्राईव्हचं चिन्ह दाबून अडकलेल्या फाईल्स बघा. ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यात तर २ जीबीच आहेत. दोघांनी एकाच वेळी बदल केले की ड्रॉपबॉक्स 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' अशा नावाची वेगळी फाईल करून ठेवतो. ती दिसली की पुसू नका, आधी दोन्ही उघडून जुळवा.

तिसरी, ड्राईव्ह कॉम्प्युटरवर 'स्ट्रीम' पद्धतीने लावला असेल तर फाईल दिसते पण प्रत्यक्षात ती इंटरनेटवर असते. लाईन गेली की उघडत नाही. चालू कामाच्या फोल्डरवर उजवी कळ दाबून ते ऑफलाईन उपलब्ध ठेवा.

चांगली बाजूही सांगतो. ड्राईव्हवर फाईलच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात. वरून सेव्ह होऊन झाकली गेलेली फाईल 'मॅनेज व्हर्जन्स' मधून मी कितीदा परत काढली आहे. कचरापेटीतही पुसलेली फाईल ३० दिवस असते. म्हणजे चूक कळली त्याच दिवशी बघा.

८. बॅकअप, आणि तो खरंच उघडतो का

सिंक, म्हणजे सगळीकडे फाईल आपोआप सारखी ठेवणं, म्हणजे बॅकअप नव्हे. एकाने फाईल पुसली की ती सगळीकडून पुसली जाते. वेगळी प्रत हवी. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुकानाबाहेर, हा जुना नियम लहान दुकानालाही झेपतो: मुख्य कॉम्प्युटर, एक बाहेरची हार्ड डिस्क, आणि क्लाऊड किंवा मालकाच्या घरी दुसरी डिस्क. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या भागात दुकानात पाणी शिरलं तेव्हा घरी ठेवलेल्या डिस्कनेच काही जणांचं काम वाचवलं.

बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा. जोडलेली राहिली तर व्हायरस तिच्यावरही जातो. महिन्यातून एकदा त्यातली कोणतीही एक फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. 'बॅकअप चालू आहे' म्हणून निर्धास्त राहिलेल्या एका ठिकाणी डिस्क भरून आठ महिने झाले होते.

मोठ्या फाईल्स कॉपी होत नसतील तर पेनड्राईव्ह एफएटी ३२ पद्धतीचा असेल, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. आतला माल काढून घेऊन तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

९. हार्ड डिस्कची तब्येत

वरचं सगळं करूनही फाईल्स मधूनच बिघडत असतील तर 'क्रिस्टल डिस्क इन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. 'गुड' असेल तर ठीक. 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं, विशेषतः रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरच्या (डिस्कवरच्या खराब झालेल्या किंवा संशयास्पद जागांच्या) ओळीत आकडे असतील, तर त्याच दिवशी सगळं काम दुसरीकडे कॉपी करा आणि डिस्क बदला. ती डिस्क कामाला परत लावू नका, जुन्या डिझाईन्ससाठीसुद्धा नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

हे मी स्पष्ट सांगतो, कारण उशिरा येणाऱ्या फोनमध्ये सगळ्यात जास्त नुकसान आधीच झालेलं असतं.

हार्ड डिस्कमधून टिक-टिक किंवा घासल्यासारखा आवाज येतो: वीज बंद करा. पुन्हा चालू करून बघू नका, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची सोय) चालवू नका. प्रत्येक वेळी चालू केल्यावर आतली तबकडी आणखी ओरबाडली जाऊ शकते. थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा वेगळा आणि डेटा काढणारा वेगळा, हे लक्षात घ्या, आणि उघडण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी मागा.

'डिस्क फॉरमॅट करायची का?' असं विंडोज विचारतं: नाही म्हणा. आतला माल बहुतेक वेळा तसाच असतो.

एसएसडीवरून (फिरती तबकडी नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कवरून) फाईल पुसली गेली: कॉम्प्युटर लगेच बंद करा. एसएसडी मोकळ्या झालेल्या जागा स्वतःहून साफ करते, त्यामुळे तासाभरानंतर रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून फारसं हाती लागत नाही. आधी क्लाऊड आणि बॅकअप बघा.

सगळ्या फाईल्सच्या शेवटी अनोळखी अक्षरं लागली आहेत आणि पैसे मागणारा मजकूर आला आहे: हा रॅन्समवेअर. नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा, बाकीचे कॉम्प्युटर वेगळे करा. पैसे देऊ नका. चोरून घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या क्रॅकमधून हा बरेचदा येतो, आमच्या धंद्यात तर फार. १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार करा. बिघडलेल्या फाईल्स पुसू नका, 'नो मोअर रॅन्सम' या प्रकल्पात काही प्रकारांची किल्ली फुकट मिळते.

दोन डिस्कची नॅस पेटी (नेटवर्कला जोडलेली, दोन्ही डिस्कवर तोच माल ठेवणारी साठवणपेटी) वापरत असाल आणि एक डिस्क गेली: पेटी 'इनिशियलाईज' करायला, म्हणजे पुसून नव्याने सुरू करायला, सांगू शकते, तिथे हात लावू नका. कोणती डिस्क गेली हे नीट न बघता चुकून दुसरी, चांगली डिस्क काढली तर सगळा माल धोक्यात येतो.

जाणकाराला बोलावताना चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा: शेवटची बरोबर फाईल कोणती आणि तिचं पूर्ण नाव काय, ती शेवटची कधी आणि कोणत्या कॉम्प्युटरवर उघडली होती, त्यानंतर वीज गेली किंवा अपडेट आलं का, आणि तुम्ही स्वतः आतापर्यंत काय काय करून पाहिलं. शेवटची गोष्ट लाजून लपवू नका. तुम्ही चेकडिस्क चालवली होती हे मला आधी कळलं, तर मी पहिल्याच मिनिटाला वेगळ्या रस्त्याने जातो.